उतार

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी गृहस्थाने काय करावे, याविषयी आमच्या नातलगांची मते अगदी पक्की आहेत. त्याने रक्तातली साखर तपासून घ्यावी, चष्म्याचा नंबर बदलून घ्यावा, मुलीच्या शिक्षणासाठी चार पैसे बाजूला टाकावेत, नि सकाळी शेजारच्या सद्‌गृहस्थांबरोबर बागेत फेऱ्या मारीत त्यांच्या गुडघ्यांची हकिकत ऐकावी. यांतले पहिले तीन उद्योग मी यथासांग पार पाडले. चौथ्याच्या वेळी मात्र माझी पावले वाकडी पडली आणि बागेऐवजी मी सायकलच्या दुकानात शिरलो.

तिथून मी जी वस्तू घरी आणली तिला डोंगरी सायकल म्हणावे. दुकानदार तिला ‘एम.टी.बी.’ म्हणत होता. आजवर मला एम. ए. एवढेच लघुरूप ठाऊक होते, नि त्याच्या बळावर मी कोणताही डोंगर चढलो नव्हतो. तेव्हा या नव्या पदवीची एकदा परीक्षा घ्यावी, असे मनात आले.

पण परीक्षेला प्रथम सायकलच बसली, आणि परीक्षक होते अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. खडकीच्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षे नोकरी केली, आणि ती सारी वर्षे ते सायकलवरून गेले-आले. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, त्या काळचे ते पुणेकर. सायकलीतले त्यांना कळते, आणि आपल्याला कळते हेही त्यांना कळते. ते माझ्या सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घालून आले.

“घंटी कुठे आहे?”

“नाही, अण्णा.”

“मडगार्ड?”

“याला नसतं.”

“कॅरिअर? स्टँड? कुलूप?”

मी नुसती मान हलवली. मग त्यांनी किंमत विचारली. मी पाच हजार कमी करून सांगितली. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “मग एवढ्या पैशांत त्यांनी दिलं काय?”

प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचे उत्तर मला पुढे कित्येक रविवारांनी मिळाले. मडगार्ड नसते, कारण डोंगरातला चिखल टायर आणि मडगार्ड यांच्या मधे अडकून बसतो नि चाक फिरेनासे होते. स्टँड नसतो, कारण दगडांवरून उतरताना तो खडखडतो नि कुठेतरी अडकतो. त्याऐवजी मिळतात ते दोन इंचांहून रुंद, खाचाखाचांचे टायर. त्यांत हवाही टणक भरायची नाही. माझ्या वजनाच्या माणसाला तीस पौंडांच्या आसपास पुरे. मऊ टायर दगडाशी भांडत नाही, त्याला कवटाळून पुढे जातो. पुढचा चिमटा स्प्रिंगचा असतो. खड्डा आला की तो चार बोटे आत दबतो आणि मनगटाला बसणारा धक्का स्वतः गिळतो. ब्रेक रिंगेवर घासत नाहीत, मोटारसायकलीसारख्या तबकड्यांवर लागतात नि एका बोटाच्या दाबाने सायकल जागच्या जागी रोखतात. या एका बोटाविषयी पुढे मला बरेच सांगायचे आहे.

आणि अण्णांच्या सायकलीविषयीही आत्ताच सांगून टाकतो. नाहीतर पुढची हकिकत समजायची नाही. त्यांची ती काळी, दांड्यांच्या ब्रेकची सायकल त्या वेळी आमच्या जिन्याखाली उभी होती, आणि तिच्या कुलपाची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात होती. आदल्या पावसाळ्यात अण्णा भाजी घेऊन येताना चौकात ओल्या रस्त्यावर घसरून पडले होते. गुडघ्याला खरचटले, दोन कांदे गटारात गेले, एवढेच. पण मी घाबरलो. “अण्णा, आता पुरे!” असे म्हणून मी किल्ली काढून घेतली. ते काही बोलले नाहीत. काळजीपोटी केलेल्या गोष्टीवर समोरच्या माणसाला काही बोलता येत नाही, ही त्या वेळी मला मोठी सोयीची गोष्ट वाटली होती.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी मी स्वतः ही चोवीस गिअरांची सायकल घरात आणली. यात काही विसंगती आहे, हे माझ्या ध्यानातही आले नाही. इतरांच्या कवितांतल्या विसंगती दाखवण्यासाठीच मला पगार मिळतो. घरातल्या दाखवण्यासाठी मिळत नाही.

मला या छंदाची दीक्षा दिली ती माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. मराठीत तो काठावर पास झाला होता, आणि तो काठ मीच थोडा अलीकडे सरकवला होता. आता दर रविवारी पहाटे तो माझा मास्तर. कोंढव्याच्या पुढे येवलेवाडी टाकली की बोपदेव घाट लागतो. घाट चढून वर गेले की बोपगाव, आणि तिथून कानिफनाथाच्या डोंगराच्या अंगाखांद्यावर गुराढोरांच्या, माणसांच्या वाटा पसरल्या आहेत. त्या आमच्या शाळेच्या इयत्ता.

चढाचे शास्त्र मला त्याने पहिल्याच दिवशी समजावून दिले. दिवे घाट इथून जवळच. आषाढात माउलींचा पालखीरथ त्या घाटाला लागला की त्याला जादा बैलजोड्या जुंपतात. सायकलीला जादा बैल जुंपायची सोय नाही. ओढणारा बैल एकच, आणि तोही पंचेचाळीस वर्षांचा. मग करायचे काय? तर पाऊल लहान करायचे. अण्णांच्या सायकलीला पुढच्या चक्राला ४४ दात आणि मागच्याला १८. पायडलची एक फेरी झाली की ती पाच मीटरांहून अधिक पुढे जाते. माझ्या सायकलीच्या सर्वांत हलक्या गिअरात पुढे २२ दात नि मागे ३४. एका फेरीत ती जेमतेम दीड मीटर सरकते. डोंगर तेवढाच, उंची तेवढीच, श्रमही एकूण तेवढेच. फक्त ते लहान लहान हप्त्यांनी फेडायचे. घराच्या कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या मध्यमवर्गीयाला हे तत्त्व समजायला कितीसा वेळ लागणार?

आणि काय सांगू, वाचकहो, या हप्तेबंदीत मोठे सुख आहे! चालणाऱ्या माणसाहून थोडा अधिक वेग, एवढीच आपली गती. मोटारीतून घाट म्हणजे चार वळणे नि एक भजीची टपरी. सायकलवरून प्रत्येक वळणाला निराळा वास असतो, निराळा वारा असतो. भाद्रपद-आश्विनात सोनकीच्या पिवळ्या फुलांनी उतार भरून जातात. माळावर चंडोल वर वर जात गात असतो. पुरंदरच्या सीताफळांच्या नि अंजिरांच्या बागा खाली दिसू लागतात, आणि मागे वळून पाहिले तर सारे पुणे शहर धुरकट चादर पांघरून झोपलेले. त्या चादरीखाली माझे न तपासलेले पेपर असतात, सोसायटीची सभा असते, हप्ते असतात. इथे मात्र फक्त श्वास नि पायडल. पहिल्या महिन्यात मी घाटात सात वेळा थांबलो; चौथ्या महिन्यात एकदाच, नि तोही सूर्योदय पाहण्याच्या निमित्ताने. निमित्त खोटे होते, पण सूर्योदय खरा होता.

या सुखाची किंमतही रोख मोजावी लागते. सराट्याचा काटा दिसायला जिऱ्याएवढा. पण तो टायरात शिरला की पुढचा अर्धा तास तुम्ही बांधावर बसून ट्यूब काढीत असता, आणि गावातली पोरे भोवती जमून तुम्ही चुकता कुठे ते बघत असतात. (हल्ली ट्यूब नसलेले टायर निघाले आहेत, त्यांत एक चिकट द्रव घालतात, तो लहान भोक आपोआप बुजवतो. मी शेवटी त्यांना शरण गेलो.) मोज्यांत कुसळे शिरतात. वस्तीवरच्या कुत्र्यांना सायकलवाल्याच्या पोटऱ्यांविषयी फार जिव्हाळा असतो. आणि मडगार्ड नसल्यामुळे मागच्या चाकाने उडवलेल्या चिखलाचा एक पट्टा कमरेपासून मानेपर्यंत पाठीवर उमटतो. तो धुण्याचे काम ज्या व्यक्तीकडे आहे, तिचे या छंदाविषयीचे मत इथे छापण्याजोगे नाही. शिवाय रविवारी सकाळी कोणाचे बारसे, कोणाची वास्तुशांत असते. दोन-तीन समारंभांना मी गुडघ्यावर पट्टी नि केसांत गवताची काडी अशा थाटात पोहोचलो. नातलगांनी माझ्याकडे न पाहता सौ.कडे सहानुभूतीने पाहिले.

पण खरी परीक्षा चढात नसते. ती उतारात असते. हे मला ठाऊक नव्हते. आपण सगळे चढाचे कौतुक करणारे लोक. चढला तो शूर. उतरायचे काय, कोणीही उतरेल, अशी आपली समजूत. आता गंमत पाहा: हा खेळ मुळात जन्माला आला तो उतारातच. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. त्याच्या परिसरात १९७० नंतरच्या काही वर्षांत जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली वगैरे तरुणांना एक वेड लागले. १९३०-४० च्या सुमाराच्या, भंगारात निघालेल्या जाड टायरच्या जुन्या सायकली घ्यायच्या, त्या डोंगरावर न्यायच्या नि कच्च्या रस्त्याने सुसाट खाली यायचे. १९७६ साली त्यांनी तिथे शर्यती सुरू केल्या. सुमारे तीन किलोमीटरांची वाट नि चारशे मीटरांच्या आसपास उतार. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. पायडल उलटे दाबले की तो लागे. एका उतारात तो इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई, आणि खाली आल्यावर हब उघडून त्यात पुन्हा ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच पडले ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’! पुढे १९७७ मध्ये जो ब्रीझने खास या कामासाठी सायकलीचा सांगाडा बनवला; आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलींची शर्यत दाखल झाली. वीस वर्षांत भंगारातून ऑलिंपिकपर्यंत! असा चढ फार थोड्या उतारांच्या नशिबी असेल.

माझ्या विद्यार्थ्याने मला उतार शिकवला तो सूत्रांनी. पहिले सूत्र: सीटवर बसायचे नाही. दोन्ही पायडली जमिनीशी समांतर, गुडघे-कोपर सैल, नि बूड मागे. दुसरे: ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही. कारण टायरची पकड ही महिन्याच्या पगारासारखी असते. ती सगळी थांबण्यात खर्च केली की वळायला शिल्लक राहत नाही. तिसरे: ओल्या मुरमावर मागचे चाक घासत नेऊ नका. त्याने वाटेला चर पडतो, पुढच्या पावसात पाणी त्या चरातून धावते, आणि गावकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची पाऊलवाट दोन पावसाळ्यांत ओढा होऊन जाते. वाट त्यांची आहे. आपण रविवारचे पाहुणे. आणि चौथे सूत्र सर्वांत अवघड: “सर, दगडाकडे बघू नका. वाटेकडे बघा. ज्याच्याकडे बघाल त्याच्यावरच जाल.” हे अक्षरशः खरे आहे. वाट तीन फूट रुंद असते, दगड नारळाएवढा असतो. पण भीतीने एकदा त्या नारळावर डोळे खिळले की चाक मुकाट्याने तिकडेच जाते. वर्गात मी एवढी वर्षे कवितेवर बोललो; पण लक्ष कुठे ठेवावे हे इतक्या थोड्या शब्दांत मला कधी सांगता आले नाही.

गेल्या वर्षी दसरा उलटून गेल्यावरचा रविवार. कानिफनाथाच्या बाजूची एक वाट उतरताना एका ठिकाणी फार तीव्र वळण येते. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला बाभळी, नि मधे सुटा मुरूम. पावसाने तिथे आडवी घळ पडली होती. विद्यार्थी पुढे होता, तो थांबला, सायकलवरून उतरला आणि म्हणाला, “सर, इथे मी उतरतो. पाऊस संपताना ही जागा बरी नसते.” मीही उतरणारच होतो. पण त्याच वेळी पाठीमागून हाक आली, “सर! सर, तुम्ही?” माझ्याच वर्गातली चार-पाच पोरे भटकायला आली होती. “सर, थांबा, व्हिडिओ काढतो!” एकाने मोबाइल उचलला.

झाले! माझ्यातला पंचेचाळीस वर्षांचा माणूस सायकलवरून उतरत होता. त्याला मागे ढकलून एक वीस वर्षांचा मूर्ख सीटवर चढून बसला. मी वळणात शिरलो. घळ दिसली. तिच्याकडे बघू नये हे आठवले, आणि म्हणूनच नेमके तिच्याकडे बघितले. भीतीने ते एक बोट आवळले गेले. पुढचा ब्रेक, सुटा मुरूम नि वळण. तिन्ही सूत्रे एका क्षणात मोडली. पुढचे चाक माझ्याखालून निघून गेले. डोक्यावरचे हेल्मेट दगडावर आपटून तडकले. ते नसते तर हे सदर आता दुसरे कोणीतरी लिहीत असते. उजवा खांदा मात्र जमिनीवर आला नि आत काहीतरी काडकन मोडल्याचा आवाज माझा मलाच ऐकू आला.

त्याच वेळी खालून एक गृहस्थ वर येत होते. डोक्याला मुंडासे, जुन्या काळ्या सायकलीच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. ते सायकल हाताने ढकलीत चढत होते. त्यांनी सायकल दरडीला टेकवली, मला धरून बसते केले, पाणी पाजले. मग त्या जागेकडे नि माझ्याकडे आळीपाळीने पाहून ते अगदी सहज म्हणाले, “सायेब, हितं आमी समदेच उतरतो की!”

मी घरी पोहोचण्यापूर्वीच माझ्या पतनाचे चलच्चित्र घरी पोहोचले होते. कन्येने ते पाहिले, मग सौ.ने पाहिले. खांद्याजवळचे हासळीचे हाड मोडले होते. डॉक्टरांनी हात झोळीत बांधून सहा आठवड्यांची सक्तमजुरीची उलट शिक्षा, म्हणजे सक्त विश्रांती फर्मावली. सौ. रागावली नाही. ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने फक्त ती सायकल नेऊन जिन्याखाली अण्णांच्या सायकलीशेजारी उभी केली. बाप-लेकांच्या दोन सायकली, दोन्ही बंद. येता-जाता मला त्या दिसत, आणि का कोण जाणे, त्यांच्याकडे पाहवत नसे.

रिकामा वेळ भरपूर होता. एके दिवशी ‘उतरणे’ हा शब्द कोशात पाहावा असे मनात आले. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चा १९३२ साली निघालेला पहिला खंड एका हाताने काढणे हाही एक चढच होता, तो मी सोडून दिला नि शब्द डोक्यातच घोळवीत बसलो. डोंगरावरून खाली येणे म्हणजे उतरणे, आणि सायकलवरून पाय जमिनीवर टेकणे म्हणजेही उतरणे. ताप उतरतो, नशा उतरते, रंग उतरतो, चेहरा उतरतो. पण पसंतीलाही उतरतो नि एखादी गोष्ट काळजात उतरते. आणि चाळिशीनंतर ज्याची चाहूल लागते त्याला आपण उतारवय म्हणतो. त्या दूधवाल्याने मला एका शब्दात सांगितले होते: काही जागी उतरायचे असेल, तर उतरावे लागते. इतकी वर्षे हा शब्द मी वापरीत होतो. त्याचा अर्थ लागायला एक हाड खर्ची पडले.

मग दिवाळी आली. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरात धांदल होती. माझा उजवा हात झोळीत. अभ्यंगस्नान कसे करावे हा पेच. सौ. फराळात गुंतलेली. तेवढ्यात अण्णा तेलाची वाटी घेऊन आले नि म्हणाले, “बस पाटावर.” मी संकोचलो. अण्णांनी माझ्या अंगाला तेल लावल्याला चाळीस वर्षे तरी झाली असतील. पण ते वाकून, मोडलेला खांदा सांभाळून, पाठीला तेल चोळू लागले. हात थरथरत होता; दाब मात्र जुनाच होता.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “तिथे उतार फार होता का रे?”

“फार होता.”

“कळलं होतं ना तुला, उतरायला हवं म्हणून?”

“कळलं होतं, अण्णा. पण पोरं बघत होती.”

अण्णा हसले. तेलाचा हात माझ्या पाठीवर क्षणभर थांबला. “मलाही त्या दिवशी चौकात कळलं होतं. रस्ता ओला, पिशव्या जड, उतरून जावं असं मनात आलं होतं. पण मागे स्कूटरवाल्यांची रांग. म्हटलं, म्हातारा म्हणतील.” थोड्या वेळाने ते अगदी हलक्या आवाजात पुढे म्हणाले, “पुढच्या वेळी उतरलो असतो.”

पुढच्या वेळी! ती पुढची वेळच मी खणात बंद करून ठेवली होती. मला पडून शिकण्याची संधी मिळाली, सहा आठवड्यांनी सायकल माझीच राहणार होती. मला कोणी किल्ली मागितली नव्हती. अण्णांना मात्र मी एका चुकीची शिक्षा जन्मभराची दिली, नि तिला काळजी असे गोंडस नाव ठेवले. आकाशकंदिलाच्या उजेडात, पाटावर, तेलाने माखून मी बसलो होतो. डोळ्यांत पाणी आले ते उटण्यामुळे, असे म्हणायचीही सोय नव्हती. उटणे अजून लागायचे होते.

आंघोळ होताच मी खणातून किल्ली काढली नि त्यांच्या फराळाच्या ताटाशेजारी ठेवली. बोललो काहीच नाही. अण्णांनी चकलीचा तुकडा मोडला, किल्लीकडे पाहिले, ती सदऱ्याच्या खिशात टाकली नि म्हणाले, “चकली यंदा खुसखुशीत झालीय.”

पाडव्याच्या सकाळी त्यांनी पंपाने हवा भरली, चेनला तेल दिले नि ते भाजीला निघाले. माझा जीव थाऱ्यावर राहीना. झोळीतला हात सांभाळीत मी चोरासारखा त्यांच्या मागे मागे गेलो. आमची गल्ली शांत आहे. तेवढी त्यांनी सायकलवरून, सावकाश, हँडल न डगमगवता पार केली. चौक आला. अण्णा उतरले. सायकल हातात धरून, मागच्या गाड्यांच्या हॉर्नकडे लक्ष न देता, ते रुबाबात चौक ओलांडून गेले आणि पलीकडे पुन्हा टांग मारून बसले. मी तिथूनच माघारी फिरलो. ज्याला उतरायचे कुठे हे कळते, त्याच्यामागे पाळत ठेवण्याचे कारण नव्हते.

जानेवारीत डॉक्टरांनी परवानगी दिली नि सौ.ने दिली नाही. फेब्रुवारीत दोघांची मिळाली. नवे हेल्मेट आले. त्याच्या किमतीविषयी मात्र मी या वेळी खरे सांगितले. रविवारी पुन्हा बोपदेव, पुन्हा तीच वाट. त्या वळणावर आता मी रीतसर उतरतो. पहिल्यांदा मागे कोणी आहे का ते पाहिले होते. आता पाहत नाही. पन्नास पावले सायकल हाताने न्यायची नि पुढे पुन्हा बसायचे. त्या पन्नास पावलांत डोंगराचा अपमान होत नाही, माझाही होत नाही. उलट खालचा सगळा उतार मग मोकळ्या मनाने उपभोगता येतो. दूधवाले गृहस्थ कधी भेटले तर आम्ही दोघेही पायीच असतो; ते हसून मान हलवतात, मीही हलवतो.

या पावसाळ्यापासून अण्णा सायकलवर बसेनासे झाले. मी काही विचारले नाही, त्यांनी काही सांगितले नाही. एक दिवस मात्र दिसले की गल्लीतही ते सायकल हातानेच नेत आहेत. हँडलला दोन्ही बाजूंना पिशव्या, एक हात सीटवर. ती त्यांची काठी झाली आहे, हमाल झाली आहे नि सोबतीणही झाली आहे. रोज सकाळी ती त्यांच्याबरोबर मंडईत जाते नि भाजी घेऊन येते. घरी आल्यावर ते तिला माझ्या सायकलीशेजारी लावतात, वाकून कुलूप घालतात, आणि किल्ली आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवतात.